खतावणीतली गावे

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माळ्यावरचा पसारा खाली काढायचा, हा आमच्या दुकानाचा जुना शिरस्ता. दुकान कापडाचे, गुलमंडीवर, सुपारी मारुतीपासून हाकेच्या अंतरावर. आता सारा हिशेब माझा मुलगा संगणकावर ठेवतो. तरीही दर दिवाळीला मी लाल कापडी बांधणीची एक नवी चोपडी आणतो, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतो, 'श्री' लिहितो आणि ती पूजेला मांडतो. मुलगा हसतो. "बाबा, हिच्यात लिहिणार काय?" हा त्याचा दरवर्षीचा प्रश्न, आणि काही तरी पुटपुटून वेळ मारून नेणे हे माझे दरवर्षीचे उत्तर.

यंदा मात्र पसाऱ्यात वडिलांच्या काळच्या खतावण्या हाती लागल्या. धूळ झटकून एक सहज उघडली आणि सारी दुपार तिच्यातच गेली. वडिलांची खतावणी गिऱ्हाइकाच्या नावाने नव्हे, गावाच्या नावाने लावलेली असे. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज, रांजणगाव, जोगेश्वरी, बिडकीन, पंढरपूर! (हे पंढरपूर म्हणजे वाळूजच्या वाटेवरचे आमचे छोटे पंढरपूर बरे; चंद्रभागेकाठचे नव्हे.) पाने उलटता उलटता एकदम ध्यानात आले, की ही यादी आज कुणाला वाचून दाखवली तर तो म्हणेल, ही तर कारखान्यांची यादी! आणि त्या एकेका गावाखाली वडिलांच्या बारीक अक्षरात शेतकऱ्यांची नावे होती.

वाचकहो, कारखाने आले म्हणजे खेड्याचे काय होते, यावर पुष्कळ विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी दुकानदार माणूस. मला ते जसे आमच्या वहीत दिसले, तसे सांगतो.

'सुगीला देणे'

महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्यांना तो जुना व्यवहार थोडा समजावून सांगायला हवा. त्या काळी गुलमंडीचे पंचांग पावसावर चाले. आडत्याकडे माल मोंढ्यात उतरवायचा, हिशेबाची पट्टी नि रोकड कनवटीला लावायची, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून मीठमिरची घ्यायची आणि मग सारे कुटुंब गुलमंडीकडे वळायचे. पोळ्याला बैलांच्या साजाची गर्दी, दिवाळीला धोतरजोड्या आणि खणलुगड्यांची. पण खरी धामधूम लग्नसराईत. बस्ता बांधायला निम्मे गोत येई. गाद्यांवर पंधरा-पंधरा माणसे बसत, वडीलधारी मंडळी पोत चिमटीत धरून पाहत, बायका काठपदरावर वाद घालीत आणि आम्ही पोरे चहाच्या किटल्या आणून आणून दमत असू.

यातला अर्धाअधिक माल उधारीवर जाई. खतावणीत तारीख, माल, रक्कम आणि शेवटी दोन शब्द : 'सुगीला देणे'. गहाणखत नाही, जामीन नाही, अंगठासुद्धा नाही. वडील तीनच प्रश्न विचारीत. "विहिरीला पाणी किती? रानात उभं काय? आणि दावणीला बैल किती?" या तीन उत्तरांवर उधारीचा आकडा ठरे. गिऱ्हाइकाने किती पैसे आणले, हे विचारण्याची रीत नव्हती. त्याच्या मागे रान उभे आहे, एवढे पुरे असे. यालाच आमच्या बाजारात पत म्हणतात.

वाळूजच्या पलीकडच्या एका गावातले एक पाटील वडिलांकडे येत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. सोळा एकर रान, दोन विहिरी, बाजरी, तूर, कापूस आणि रब्बीची शाळू ज्वारी. दर संक्रांतीला हुरड्याची पिशवी आमच्या घरी पोहोचायचीच. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी मामा आले ते हात मागे लपवून. रोजगार हमीची खडी फोडून हातांना घट्टे पडले होते. ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "शेठ, यंदा काय जमत नाही बघा." वडील एवढेच म्हणाले, "पाटील, मी विचारलं का?" खतावणीत त्या पानावर पुढची दोन वर्षे कोरी आहेत. मग १९७४ च्या दिवाळीत चाळीस रुपये, संक्रांतीला साठ, असे करीत करीत १९७६ ला खाते चुकते. एक पैसा बुडाला नाही. रान होते म्हणून बुडाला नाही.

रोखीचे दिवस

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) कारखाना काही नवा नव्हता. १८८९ साली येथे कापडाची गिरणी निघाली होती आणि १९०० मध्ये रेल्वे आल्यावर सरकीच्या गिरण्याही सुरू झाल्या. पण त्या गिरण्या शेतकऱ्याचा कापूस घेत. त्याचे शेत घेत नसत. फरक पडला तो पुढे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. स्टेशनजवळ आणि मग चिकलठाण्याला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकात पाळी आली वाळूजची. १९८५ साली बजाजचा स्कूटरचा कारखाना तेथे सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने रांगेने आले.

गुलमंडीवर आम्हांला काय आनंद झाला म्हणून सांगू! गाव वाढणार, गिऱ्हाईक वाढणार, आणखी काय हवे? १९६१ च्या शिरगणतीत आमचे शहर लाखाच्या आतबाहेर होते. २०११ साली ते पावणेबारा लाखांच्या घरात गेले. आमचा अंदाज खोटा नव्हता.

आणि पहिले गिऱ्हाईक आले ते कारखान्यातले नव्हेच. ते आले जमिनीच्या मोबदल्याचे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी चोवीस-पंचविशीचा, नुकताच गल्ल्यावर बसू लागलो होतो. मामा जीप भाड्याने करून आले. सोबत मामी, दोन मुलगे, लग्न ठरलेली लेक आणि गावातली दहा-बारा माणसे. गादीवर बसल्या बसल्या मामांनी पिशवीतून नोटांची पुडकी काढून समोर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, रान गेलं सरकारात. आता उधारी नको. सगळं रोखीनं."

वडील त्या पुडक्यांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाटील, बस्ता मांडतो. पण उरलेल्या पैशाचं काय ठरवलंय? गंगापूर-वैजापूरकडं कुठं रान मिळतंय का पाहा आधी."

"पाहू की. पोराला फटफटी पाहिजे, घर बांधायचंय. पैसा आलाय, पळून जातोय व्हय?"

वडिलांनी मला खूण केली होती, की जरा हात आखडून दाखव. मी ती पाहिली. पण रोखीचे असे गिऱ्हाईक रोज का येते? मी वरच्या फळीवरचे शालू काढले, पैठण्या काढल्या, वऱ्हाडी मंडळींना शर्टाची कापडे उलगडून दाखवली. हजाराचा बस्ता कित्येक हजारांवर गेला. मामी दोनदा म्हणाल्या, "एवढं कशाला रे बाळा?" आणि दोन्ही वेळा मी हसून आणखी एक घडी मोडली. संध्याकाळी वडिलांनी खतावणीत त्या पानावर आडवी रेघ मारली, 'खाते बंद' असे लिहिले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता घरी निघून गेले.

ती दोन-तीन वर्षे आमच्या दुकानाची सोन्याची गेली. वरचा मजला चढला तो त्याच पैशांतून. आमचेच नव्हे, सराफ्यात, भांड्यांच्या दुकानांत, मोटारसायकलींच्या पेढ्यांवर सगळीकडे तीच दिवाळी. शेते गेली वाळूजची आणि त्यांचा पैसा वाहत आला तो आमच्या उतारावर. हे मला त्या वेळी दिसले नाही, असे मी म्हणणार नाही. दिसले होते, पण ज्याला गल्ला भरताना दिसते, त्याला ते फार वेळ पाहवत नाही.

तीन घरे

पुढे काय झाले? सगळ्यांचे एकच झाले असे नव्हे. वहीतल्या नावांचा मी जमेल तसा माग काढला, तेव्हा साधारण तीन तऱ्हा दिसल्या.

काहींनी शहाणपणाने लांबवर दुसरे रान घेतले. ते अजूनही शेतकरी आहेत आणि त्यांचे बरे चालले आहे. काहींनी गावठाणातली जागा धरून ठेवली आणि तिथे ओळीने खोल्या बांधल्या. जालना, बीड, परभणीकडून, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातूनही, कामगार येऊ लागले. त्यांना राहायला जागा हवीच होती. रांजणगाव, जोगेश्वरी या गावांत ज्वारीच्या जागी अशा खोल्यांचे पीक आले आणि ते दर महिन्याला कापता येऊ लागले! तिसरी तऱ्हा मामांची. घर झाले, फटफटी झाली, लग्न थाटात झाले, भावकीने हातउसने नेले ते परत आले नाही, आणि पाच-सहा वर्षांत पुडकी संपली.

मामा काही उधळे नव्हते. सबंध आयुष्यात हिशेब चुकला नाही असा माणूस. पण त्यांचा हिशेब होता सुगीचा. यंदा कमी आले तर पुढल्या वर्षी भरून निघेल, हा त्या हिशेबाचा पाया. रानाने पन्नास वर्षे त्यांना हेच शिकवले होते. एकदाच येणारा आणि पुन्हा कधीच न येणारा पैसा कसा राखायचा, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. आणि खर्च कसा करायचा हे शिकवायला आम्ही गुलमंडीवर हजर होतोच.

नोकरी? कारखाना दाराशी आला म्हणजे पोरांना नोकऱ्या लागणारच, असे साऱ्यांना वाटे. पण कारखान्याला आयटीआय झालेला फिटर हवा असतो, टर्नर हवा असतो. नांगर धरणारा हात तिथे अडाणी ठरतो. मामांचा थोरला मुलगा ठेकेदाराकडे हमाली करू लागला. धाकटा एका फाटकावर रखवालदार झाला. त्या कुंपणाच्या आत त्यांची जुनी विहीर होती. ती बुजवून तिथे माल ठेवण्याची शेड बांधली होती.

आणखी एक गोष्ट आम्हां कापडवाल्यांच्याच ध्यानात यावी अशी. पूर्वी बाजारच्या दिवशी खेड्यातल्या बायका दोघी-तिघी मिळून दुकानात येत आणि चोळीचा खण, लेकीसाठी परकराचे कापड स्वतःच्या पैशाने घेत. तो पैसा दुधाचा, अंड्यांचा, बांधावरच्या भाजीचा. पदराच्या गाठीतून तो निघे आणि त्याचा हिशेब त्या घरात कुणाला देत नसत. रान गेले तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाच्या हाती पडला. म्हैस गेली, बांध गेला, आणि त्यांच्याबरोबर ती पदराची गाठही गेली. मोबदल्याच्या कागदावर विहीर धरली जाते, झाड धरले जाते. या गाठीची किंमत धरल्याचे मला तरी कुणी सांगितले नाही.

दुसरे पारडे

एवढे वाचून कुणी म्हणेल, की हा म्हातारा कारखान्यांच्या नावाने बोटे मोडायला बसला आहे. तसे नाही. पारड्यात दुसरी बाजूही टाकली पाहिजे.

मराठवाड्याची शेती म्हणजे आभाळाशी लावलेली पैज. १९७२ ला खडी फोडणारे हात मी पाहिले आहेत. पुढे २०१२-१३ सालचा दुष्काळ पडला, २०१६ सालचा पडला. पण दरम्यान वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत ज्यांचा एक तरी मुलगा कायम कामगार होता, त्या घरांची चूल विझली नाही. आमचे गिऱ्हाईक सुगीऐवजी महिन्याच्या सात ते दहा तारखेला येऊ लागले, बोनसच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा उरेना, हे मी विसरलो तर कृतघ्न ठरेन. तुमच्या-आमच्या घरासमोर उभी असलेली दुचाकीही अशाच कुठल्या तरी रानात तयार झालेली असते. कारखाना नको म्हणणे सोपे. त्याच्याशिवाय जगणे सोपे नाही.

प्रश्न आहे तो भार कोण उचलतो आणि फळ कोण खातो, याचा. तोही आजचा नाही. १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यात सेनापती बापट उभे राहिले ते याच प्रश्नासाठी. मुंबईला वीज हवी होती. धरणाखाली मात्र मावळ्यांची भातखाचरे जाणार होती. आमच्याकडे पाण्याचीही तीच कथा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागराखाली कित्येक गावे बुडाली, ती मराठवाड्याचे शिवार भिजावे म्हणून. पुढे तेच पाणी शहराला आणि कारखान्यांनाही लागले. एप्रिल २०१६ मध्ये धरण आटले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, की मद्याच्या कारखान्यांचे पाणी साठ टक्क्यांपर्यंत आणि इतर कारखान्यांचे पंचवीस टक्क्यांपर्यंत तोडा. माणसाने प्यावे की यंत्राने, हे न्यायालयाला सांगावे लागते, तेव्हा शेतातल्या पिकाची तहान तर कुणी विचारातच घेत नाही.

आणि दैवाची लीला पाहा. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरातल्या धनिक मंडळींनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. देशभर बातम्या झाल्या. त्या मोटारींना बँकेचे कर्ज मिळाले ते शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी कमी व्याजाने. वडील असते तर त्यांनी विचारले असते, "मोटारीच्या मागं रानात उभं काय?"

पत

तेव्हापासून आतापर्यंत पुष्कळ बदलले, हेही खरे. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा मोटारींचा कारखाना निघाला. मग शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात सुमारे दहा हजार एकरांवर नवी औद्योगिक नगरी आखली गेली. २०१९ साली तिचा लोकार्पण सोहळा पंतप्रधानांच्या हस्ते झाला. तिच्यासाठी शेतकऱ्यांना एकरी तेवीस लाख रुपये मिळाले. मामांना मिळालेला दर त्यापुढे सांगितला तर हसू येईल. १८९४ चा इंग्रजी अमदानीतला भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, त्यात पुनर्वसनाचा हक्क आला. चांगलेच झाले.

पण तेवीस लाखही एकदाच येतात. बिडकीनकडची मंडळी मोठाल्या गाड्यांतून बस्ता बांधायला येऊ लागली, तेव्हा माझ्या पोटात कालवले. तीच पुडकी, तीच घाई. फक्त पुडक्यांची जाडी वाढलेली. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट काढली. शंभराहून अधिक कुटुंबांनी मिळून सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, कुणाला न विकता तिच्यावर स्वतःच नगर वसवले आणि त्यात प्रत्येकाचा भाग ठेवला. सगळीकडे ते जमेल असे नाही. पुण्याची जमीन निराळी, वाळूजची निराळी. पण त्यातले मर्म घेण्यासारखे आहे. रानाची किंमत देऊन भागत नाही; रानाच्या जागी दरवर्षी काही देणारे, आणि ज्याच्या जोरावर उद्या दुकानदार उधारी देईल असे काही तरी, त्या घराच्या हाती राहिले पाहिजे. भाग असो, भाडे असो, पोराच्या हातातले पक्के कसब असो. नुसता पैसा दिला की माणूस श्रीमंत होतो, पण त्याची पत जाते. आणि पैसा संपल्यावर त्याच्याकडे दोन्ही नसतात.

हे मला कळायला मामांचा नातू दुकानात यावा लागला.

वसुबारसेचा दिवस होता. बहिणीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेले, बस्ता छोटाच, पण थोडे पैसे कमी पडत होते. माझ्या मुलाने त्याला रीतीप्रमाणे तीन गोष्टी विचारल्या. पगाराची पावती आहे का? नोकरी कायम आहे का? जामीन कोण? पोरगा वाळूजला एका ठेकेदाराकडे यंत्रावर काम करतो. पगाराची पावती कुणी देत नाही. तिन्ही उत्तरे नकाराची. तो उठता उठता म्हणाला, "आमचे आजोबा तुमच्याकडंच बस्ता बांधायचे." गाव विचारले, आजोबांचे नाव विचारले आणि मी त्याला बसवून घेतले.

वडिलांचे तीन प्रश्न माझ्या ओठांवर आले होते. पण विचारू कसे? विहीर बुजलेली, रानात शेड उभी, दावणीला बैल नाही. मी मुलाला म्हणालो, "बांध बस्ता." तो म्हणाला, "बाबा, संगणकात हे बसत नाही." मी म्हटले, "संगणकात नको बसवूस."

लक्ष्मीपूजनाला मांडलेल्या नव्या चोपडीत, 'श्री'च्या खाली, पाडव्याला मी पहिली ओळ लिहिली. गावाचे नाव, त्याचे नाव, माल, रक्कम. शेवटी 'सुगीला देणे' लिहायला लेखणी टेकवली आणि थांबलो. त्याला कसली सुगी? "काय लिहू रे बाळा?" असे त्यालाच फोन करून विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ठेकेदारानं यंदा बोनस द्यायचं कबूल केलंय. पण तसं लिहू नका. देईन एवढंच लिहा."

तेवढेच लिहिले आहे.